दूध उकळलं, पण त्याआधी किती वेळ कोमट होतं?

"दूध उकळलं का?" हा प्रश्न आपण सगळेच विचारतो आणि तो विचारायलाच हवा. उष्णतेने दुधातले रोगजंतू मरतात. दुधातून पसरणारा क्षय आणि टायफॉइड यांना आळा बसला त्यात दूध तापवण्याच्या सवयीचा वाटा मोठा आहे. पण याच्या जोडीला आणखी एक प्रश्न यायला हवा, तो सहसा कुणी विचारत नाही. उकळण्याआधी हे दूध किती वेळ कोमट राहिलं? आणि उकळल्यावर थंड व्हायला त्याला किती वेळ लागला? माझ्या मते या प्रश्नांचं महत्त्व पहिल्या प्रश्नाइतकंच आहे. कारण काही जंतू दुधात असं विष सोडतात की ते कितीही उकळलं तरी जात नाही. जंतू मरतात, विष मागे राहतं.

जपानमध्ये २००० साली घडलेल्या प्रकारात हे अगदी उघडं पडलं. होक्काइदो बेटावर ताइकी इथे दूध पावडरचा एक कारखाना होता. ३१ मार्चला तिथली वीज गेली आणि सुमारे तीन तास आली नाही. एरवी एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात झरझर पुढे सरकणारं दूध कोमट अवस्थेत जागच्या जागी अडकून पडलं. त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचे जंतू होते. त्यांना हवी होती तशी ऊब आणि हवा होता तेवढा वेळ, दोन्ही मिळालं. वीज आली, काम पुढे सुरू झालं, दुधाची पावडर झाली. ती पावडर पुढे ओसाकाच्या कारखान्यात कमी स्निग्धांशाचं दूध तयार करायला वापरली गेली. या सगळ्या प्रवासात तो माल निदान दोनदा १३० अंश सेल्सिअसला काही सेकंद तापवला गेला होता. त्या तापमानाला स्टॅफिलोकॉकसचा टिकाव लागत नाही, आणि तो लागलाही नाही. तरीही जूनच्या अखेरीपासून लोक उलट्या-जुलाबांनी आजारी पडू लागले. आकडा तेरा हजारांच्या वर गेला. तपासात दोष सापडला तो पावडरमध्ये उरलेल्या विषात. त्या विषाला एंटेरोटॉक्सिन ए म्हणतात. ते तयार झालं होतं मार्चअखेरच्या त्या काही तासांत आणि लोकांच्या पोटात गेलं तीन महिन्यांनी.

दूध तापवण्याची यंत्रणा तिथे चोख चालली होती, हे नीट लक्षात घ्यायला हवं. चुकलं ते तापवण्याच्या आधी.

दुधात जंतू इतके का फोफावतात

दुधात साधारण ८७ टक्के पाणी असतं. उरलेल्या भागात साखर, प्रथिनं, स्निग्धांश, क्षार आणि जीवनसत्त्वं असतात, म्हणजे वासराच्या वाढीला लागणारं सगळं. वासराला जे मानवतं ते जंतूंनाही मानवतं. शिवाय दुधाचा सामू ६.६ ते ६.८ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ उदासीन असतो. आम्लात न वाढणाऱ्या बहुतेक रोगजंतूंना त्यामुळे इथे काहीच अडचण येत नाही.

निरोगी जनावराच्या कासेतून येणाऱ्या दुधातही थोडे जंतू असतात. बाकीचे येतात सडांच्या कातडीवरून, धार काढणाऱ्याच्या हातांवरून, भांड्यांच्या कोपऱ्यांतून, नळ्यांच्या सांध्यांतून. निरशा दुधात त्यांना काही काळ थोपवणारी नैसर्गिक द्रव्यंही असतात. लॅक्टोपेरॉक्सिडेज आणि लॅक्टोफेरिन ही त्यांतली मुख्य. पण हे संरक्षण काही तासांपुरतंच असतं आणि दूध जितकं उबदार तितकं ते लवकर संपतं. धारोष्ण दूध स्वतःच स्वतःला सांभाळतं असं समजून त्याला ताटकळत ठेवणं म्हणूनच धोक्याचं आहे.

जंतू दोनाचे चार, चाराचे आठ असे वाढतात. ही वाढ सुरुवातीला नजरेत भरत नाही. एका मिलिलिटरमध्ये १,००० जंतू आहेत आणि ते दर अर्ध्या तासाला दुप्पट होताहेत असं धरू. चार तासांनी ते सुमारे अडीच लाख होतील, आठ तासांनी साडेसहा कोटी. पहिल्या चार तासांत अडीच लाखांची भर पडली, पुढच्या चार तासांत साडेसहा कोटींची. "थोडाच वेळ जास्त राहिलं" असं आपण म्हणतो तेव्हा तो जादाचा वेळ नेहमी या चढणीच्या शेवटच्या, सगळ्यात उभ्या टप्प्यात मोजला जातो.

एक जुना प्रयोग, आजही तितकाच बोलका

१९१८ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने एक साधा पण फार मोलाचा प्रयोग प्रसिद्ध केला. स्वच्छ गोठ्यात, स्वच्छ भांड्यांत काढलेलं दूध एकीकडे आणि अस्वच्छ परिस्थितीत काढलेलं दूध दुसरीकडे. दोन्ही वेगवेगळ्या तापमानांना ठेवली आणि रोज जंतूंची मोजणी केली.

स्वच्छ दुधात सुरुवातीला मिलिलिटरमागे साधारण ४,३०० जंतू होते. साडेचार अंशांच्या आसपास ठेवलेल्या दुधात एका दिवसाने आकडा जवळपास तेवढाच होता आणि तीन दिवसांनी सुमारे ८,४००. दहा अंशांना ठेवलेल्या त्याच दुधात एका दिवसाने १४,०००, दोन दिवसांनी सव्वा लाखाच्या वर आणि तीन दिवसांनी ५७ लाख. साडेपंधरा अंशांना मात्र पहिल्याच दिवसाअखेर जवळपास १६ लाख आणि तिसऱ्या दिवशी ३२ कोटींच्या पुढे.

हे सगळं एकच दूध आहे. फरक फक्त पाच-सहा अंशांच्या पायऱ्यांचा.

आता अस्वच्छ दुधाकडे पाहू. त्यात सुरुवातच सुमारे १ लाख ३७ हजारांपासून झाली होती, म्हणजे स्वच्छ दुधाच्या तीसपटीहून जास्त. पण साडेचार अंशांना ठेवल्यावर तीन दिवसांनी तो आकडा साडेसात लाखांच्या आसपास गेला. म्हणजे घाणेरड्या भांड्यात काढून लगेच गार ठेवलेल्या दुधात तीन दिवसांनी जेवढे जंतू होते, त्याच्या दुपटीहून अधिक जंतू स्वच्छ काढून साडेपंधरा अंशांना ठेवलेल्या दुधात एकाच दिवसात झाले. याचा अर्थ स्वच्छतेला महत्त्व नाही असा मुळीच होत नाही, कारण अस्वच्छतेतून येणारे जंतू बऱ्याचदा जास्त घातक जातीचे असतात. पण गारव्याची ताकद किती आहे हे कळायला याहून स्पष्ट आकडे मिळणं कठीण. मला तर हे आकडे दूध हाताळणाऱ्या प्रत्येकाच्या भिंतीवर लावावेसे वाटतात.

आणखी एक गोष्ट या आकड्यांत दडलेली आहे. गार दुधात पहिला दिवस जवळपास वाढ झालीच नाही. नव्या परिस्थितीशी जुळवून घ्यायला जंतूंना सुरुवातीला थोडा वेळ लागतो. त्या काळात ते वाढत नाहीत, फक्त तयारी करतात. कोमट दुधात ही तयारी तासा-दोन तासांत उरकते, गार दुधात ती लांबते. म्हणूनच दूध काढल्याबरोबर गार केलं तर फायदा दुहेरी होतो. जंतू वाढायला उशिरा लागतात आणि लागल्यावरही सावकाश वाढतात. उशिरा गार केलेल्या दुधात पहिला फायदा हातचा गेलेला असतो.

थंडीत नेमकं होतं काय

जंतूच्या आत अखंड रासायनिक क्रिया चालू असतात आणि त्या घडवणारी विकरं तापमानाप्रमाणे वेगात किंवा सावकाश काम करतात. गारव्यात ती मंदावतात. दुसरा परिणाम जंतूच्या भोवतालच्या पातळ आवरणावर होतो. हे आवरण स्निग्ध रेणूंचं बनलेलं असतं आणि स्निग्ध पदार्थ थंडीत थिजतात. आवरण कडक झालं की अन्न आत घेणं आणि टाकाऊ बाहेर सोडणं अवघड होतं. प्रत्येक जातीला एक तापमान असं असतं की त्याच्या खाली तिची वाढ थांबते. मरत ती सहसा नाही, थांबते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

तापमान आणि वाढीचा वेग यांचं नातं सरळ रेषेतलं नाही. १९८२ साली ऑस्ट्रेलियातले डेव्हिड रॅटकोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुटसुटीत सूत्र मांडलं. वाढ जिथे थांबते त्या तापमानाच्या आपण जितके अंश वर आहोत, त्या अंशांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढीचा वेग असतो. समजा एका जंतूची वाढ ५ अंशांना थांबते. १० अंशांना आपण त्याच्या ५ अंश वर आहोत, वर्ग २५. २० अंशांना १५ अंश वर, वर्ग २२५. तापमान दुप्पट झालं, वाढीचा वेग नऊपट. अर्थात हे सूत्र जंतूला मानवणाऱ्या तापमानापर्यंतच चालतं, त्यापुढे उष्णताच त्याला बाधू लागते. पण फ्रीजपासून उन्हाळ्यातल्या ओट्यापर्यंतचा सगळा पट्टा त्यात येतो.

म्हणून ४ अंश आणि ८ अंश यांत "चारच अंशांचा फरक" असं म्हणून चालत नाही. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा जंतू दुधात ४ अंशांना दुप्पट व्हायला साधारण सव्वा ते पावणेदोन दिवस घेतो. ८ अंशांना त्याला ९ ते १४ तास पुरतात. ३५ अंशांना फक्त ४० मिनिटं. फ्रीजचं दार सारखं उघडमीट करून, आत गच्च भरून किंवा बटण मधल्यापेक्षा कमीवर ठेवून आपण हेच चार अंश सहज घालवतो.

वाढ आणि विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

दुधामुळे होणारे आजार दोन वाटांनी येतात. पहिल्या वाटेत जिवंत जंतू पोटात जातात आणि तिथे उपद्रव करतात. साल्मोनेला आणि लिस्टेरिया या वाटेचे. दूध नीट तापवलं तर ही वाट बंद होते. पाश्चरायझेशनची प्रमाणित मापं, म्हणजे ६३ अंशांना ३० मिनिटं किंवा ७२ अंशांना १५ सेकंद, या जंतूंना पुरेशी आहेत. दुसऱ्या वाटेत जंतू दुधातच बसून विष तयार करतात आणि आपण ते तयार विष पितो. जंतू जिवंत आहेत की मेलेले, याला तिथे अर्थ उरत नाही.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस या दुसऱ्या वाटेचा सगळ्यात मोठा प्रतिनिधी. तो दूरचा पाहुणा नाही. बऱ्याच निरोगी माणसांच्या नाकात तो मुक्कामाला असतो, हातावरच्या जखमेत आणि फोडांत असतो आणि कासदाह झालेल्या जनावराच्या दुधात तर भरपूर असतो. हा साधारण ७ ते ४८ अंशांच्या पट्ट्यात वाढतो. पण विष तयार करायला त्याला जास्त ऊब लागते. १० अंशांच्या खाली विष जवळजवळ तयार होत नाही आणि शरीराच्या तापमानाच्या आसपास व त्याच्या थोडं वर ते झपाट्याने होतं. याचा अर्थ फार मोलाचा आहे. फ्रीजमध्ये ४-५ अंशांना ठेवलेल्या दुधात स्टॅफिलोकॉकस असला तरी तो वाढतही नाही आणि विषही करत नाही. फ्रीज जरा बिघडून ८ अंशांवर गेला तर तो हळूहळू वाढेल, पण विषाचा धोका अजून कमीच. २५-३० अंशांवर काही तास गेले की मात्र दोन्ही सुरू.

विष बाधायला लागेपर्यंत जंतूंची संख्या साधारणपणे मिलिलिटरमागे लाखाच्या वर जावी लागते. सुरुवातीचा आकडा कमी ठेवणं म्हणून उपयोगाचं असतं, कारण त्यामुळे हाताशी तास मिळतात. पण एकदा विष झालं की त्याचं प्रमाण किती थोडं पुरतं हे पाहून धस्स होतं. १९८५ साली अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना चॉकलेट दुधातून बाधा झाली. पाव लिटरपेक्षा थोड्या लहान अशा त्या खोक्यांत नंतर मोजणी केली तेव्हा प्रत्येक खोक्यात सरासरी १४० नॅनोग्रॅमच्या आसपास विष निघालं. त्या हिशेबाने एक ग्रॅम विष अशा सुमारे ७० लाख खोक्यांना पुरेल.

आणि हे विष उकळण्याला दाद देत नाही. ते प्रथिन आहे, पण त्याची घडण इतकी घट्ट की नेहमीच्या उकळण्याने ती पुरती मोडत नाही. पोटातल्या पाचक रसांनाही ते पुरून उरतं. दूध दुपारभर बाहेर राहिलं आणि मग "एक उकळी देऊन टाकू, म्हणजे काळजी नको" असा विचार जिथे होतो, तिथे नेमकी हीच गफलत असते. उकळीने जंतू मेले, त्यामुळे पुढची वाढ थांबली, एवढं खरं. मधल्या तासांत जे तयार झालं ते तसंच राहिलं.

दुसरा सोबती बॅसिलस सेरियस. याची युक्ती वेगळी. परिस्थिती बिकट झाली की तो स्वतःभोवती कवच करून बीजाणूच्या रूपात झोपी जातो. हे बीजाणू मातीत, चाऱ्यात, धुळीत सगळीकडे असतात. ते पाश्चरायझेशनमधून तर सुटतातच, साध्या उकळण्यातूनही त्यांतले बरेच सुटतात. उलट त्या उष्णतेने त्यांना जाग येते. उकळीने बाकीचे जंतू मेलेले असल्यामुळे आता दुधात स्पर्धा करायला कुणी उरलेलं नसतं. दूध सावकाश निवत ४०-३० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळलं की बीजाणूंतून जंतू बाहेर येतात आणि वाढू लागतात. त्यांच्या काही जाती सेर्युलाइड नावाचं उलट्या घडवणारं विष करतात. हे प्रामुख्याने १२ ते ३७ अंशांच्या दरम्यान तयार होतं आणि १२१ अंशांना दीड तास ठेवलं तरी टिकतं. प्रेशर कुकरमध्येही यापेक्षा जास्त तापमान मिळत नाही. याच जंतूचं जुलाब घडवणारं विष मात्र उष्णतेने सहज मोडतं, ते आतड्यात गेलेले जिवंत जंतू तिथे तयार करतात.

बॅसिलस सेरियसच्या थोड्या जाती ५-७ अंशांनाही सावकाश वाढतात. पाकीटबंद दूध फ्रीजमध्ये असूनही कधी कधी न आंबताच फाटतं किंवा त्यावर सायीचे तुकडे तरंगतात, त्यामागे बऱ्याचदा हाच असतो.

वास आणि चव यांवर किती भरवसा ठेवायचा

दूध नासलं की कळतंच, असा आपला समज असतो. कळतं ते वेगळ्याच जंतूंचं काम. लॅक्टिक आम्ल करणारे जंतू दुधातली साखर खाऊन आम्ल सोडतात. दूध आंबट होतं, तापवलं की फाटतं, सामू ४.६ पर्यंत उतरला की न तापवताही घट्ट होतं. हे जंतू बहुतांशी निरुपद्रवी असतात, इतकंच नाही तर त्यांच्या आम्लामुळे रोगजंतूंना जखडूनही ठेवतात. म्हणजे जे दूध आपल्याला आंबट लागल्याने आपण टाकून देतो, ते नेहमीच सगळ्यात घातक असतं असं नाही.

स्टॅफिलोकॉकसचं विष असलेल्या दुधाला मात्र वेगळा वास, वेगळी चव, वेगळा रंग काहीही नसतो. तापवलेल्या दुधात लॅक्टिक आम्ल करणारे जंतू मेलेले असतात, त्यामुळे नंतर हातातून किंवा चमच्यातून स्टॅफिलोकॉकस आत गेला तर दूध आंबट होऊन आपल्याला सावध करणारंही कुणी उरत नाही. चव घेऊन खात्री करणं इथे निरुपयोगी आहे. खात्री करायची असेल तर घड्याळ आणि थर्मामीटर.

फ्रीजमध्ये दीर्घकाळ राहिलेल्या दुधाचं नासणं आणखी वेगळं. तिथे स्यूडोमोनास गटातले जंतू पुढे येतात. ते थंडीतही वाढतात, आम्ल करत नाहीत, पण प्रथिनं आणि स्निग्धांश तोडणारी विकरं सोडतात. दूध कडवट लागतं, खवट वास येतो. हे जंतू पाश्चरायझेशनमध्ये मरतात, पण त्यांची काही विकरं त्यातून आणि १३५ अंशांच्या पुढे काही सेकंद तापवणाऱ्या यूएचटी प्रक्रियेतूनही बचावतात. निरसं दूध कारखान्यात पोहोचण्याआधी दिवसेंदिवस साठवलेलं असेल तर त्याचा परिणाम कित्येक महिन्यांनी सीलबंद खोक्यातलं दूध कडू किंवा जेलीसारखं होण्यात दिसतो. यात विषबाधा नाही, पण तत्त्व तेच: जंतू गेले, त्यांची करणी उरली.

गार करणं म्हणजे लवकर गार करणं

मोठ्या पातेल्यात पाच-सहा लिटर दूध उकळून ओट्यावर ठेवलं तर ते किती सावकाश निवतं, हे एकदा थर्मामीटर घालून पाहावं. वरून साय धरते आणि हात लावल्यावर पातेल्याची कड कोमट लागते, पण मध्यभाग तासन्‌तास ३५-४० अंशांवर रेंगाळत असतो. दूध जितकं जास्त, तितकं उष्णता बाहेर पडायला पृष्ठभाग त्या मानाने कमी. त्यातच झाकण घट्ट असेल तर आणखी वेळ.

व्यावसायिक स्वयंपाकघरांसाठी अमेरिकेच्या अन्न संहितेत एक माप दिलेलं आहे: शिजवलेलं अन्न ५७ अंशांवरून २१ अंशांवर दोन तासांच्या आत यावं आणि एकूण सहा तासांच्या आत ५ अंशांपर्यंत. पहिल्या टप्प्याला कमी वेळ दिलाय, कारण जंतूंची सगळ्यात वेगवान वाढ त्याच पट्ट्यात होते. घरी हे साधायला महागडं काही लागत नाही. दूध दोन-तीन लहान, पसरट भांड्यांत ओतावं आणि ती भांडी गार पाण्यात ठेवावीत. पाणी हवेपेक्षा जवळपास पंचवीसपट चांगलं उष्णतावाहक आहे, त्यामुळे नुसत्या हवेत ज्याला तास लागतात ते पाण्यात काही मिनिटांत होतं. मधून मधून स्वच्छ पळीने ढवळावं, पाणी कोमट झालं की बदलावं. मग झाकून थेट फ्रीजमध्ये. वाफाळतं पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकलणं बरं नाही, त्याने शेजारच्या गोष्टी गरम होतात. पण पूर्ण थंड होईपर्यंत रात्रभर बाहेर ठेवणं त्याहून वाईट.

फ्रीजचं आतलं तापमान ४ ते ५ अंशांच्या वर असू नये. बटणावरचे आकडे अंश दाखवत नाहीत, म्हणून साधा थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवून सकाळी पाहणं हीच खात्रीची पद्धत. दुधाची जागा आतल्या बाजूला. दारातला कप्पा दुधासाठी सोयीचा दिसतो खरा, पण प्रत्येक वेळी दार उघडलं की सगळ्यात आधी तोच तापतो.

बाहेर काढलेलं दूध दोन तासांच्या आत परत आत जावं आणि हवेचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात. हा वेळ साठत जातो. सकाळी अर्धा तास, दुपारी पाऊण तास, संध्याकाळी पुन्हा अर्धा तास असं झालं तर दरवेळी मोजणी शून्यापासून सुरू होत नाही. गारव्याने जंतू थांबतात, कमी होत नाहीत, त्यामुळे मागच्या खेपेला जिथवर आले होते तिथूनच पुढे निघतात. डीप फ्रीझरचंही तेच. उणे १८ अंशांना वाढ पूर्ण थांबते, पण बरेचसे जंतू जिवंत राहतात आणि आधी झालेलं विष जसंच्या तसं राहतं.

वीज गेली तर फ्रीज उघडू नये. बंद दाराआड गारवा साधारण चार तास टिकतो. त्याहून जास्त वेळ गेला असेल तर दूध टाकून द्यावं. टाकताना जीव तुटतो हे खरं आहे, दूध वाया घालवणं कुणालाच आवडत नाही. पण नुसत्या अंदाजावर ते वाचवण्याची ही वेळ नाही. यूएचटी खोकी सीलबंद असेपर्यंत बाहेर चालतात, एकदा उघडली की त्यांना बाकीच्या दुधाचेच नियम लागू.

बाळांच्या बाबतीत जरा जास्त कडक

तान्ह्या बाळांची दूध पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू क्वचित आढळतो आणि नवजात, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तो मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या मार्गदर्शनात पावडर किमान ७० अंश तापमानाच्या पाण्यात मिसळायला सांगितलंय, म्हणजे मिसळतानाच जंतू मरतात. मग बाटली नळाखाली धरून पिण्याजोगी गार करायची आणि लगेच पाजायची. तयार दूध दोन तासांच्या आत वापरायचं. पुढच्या वेळेसाठी करून ठेवायचं असेल तर ५ अंशांच्या आत आणि जास्तीत जास्त २४ तास. बाळाने तोंड लावलेली बाटली जपून ठेवू नये. लाळेतले जंतू त्यात गेलेले असतात आणि ते दूध कोमटही असतं.

गरोदर बायका आणि वयस्कर माणसं यांना मुख्य धोका लिस्टेरियाचा. तो फ्रीजच्या तापमानालाही वाढतो, त्यामुळे इथे गारवा एकटा पुरत नाही. निरसं दूध या मंडळींनी टाळावंच.

दूध प्यायल्यावर अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत जोरात उलट्या सुरू झाल्या, ताप फारसा नसला, तर तयार विषाची शंका घ्यावी. अशा वेळी अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, कारण मारायला जंतू नसतातच. शरीरातलं पाणी आणि क्षार भरून काढणं हा मुख्य उपचार. बहुतेकांना एका दिवसात बरं वाटतं, पण लहान मुलं, वृद्ध आणि गरोदर बायका यांच्या बाबतीत थांबून पाहू नये, डॉक्टरांकडे न्यावं. एकाच दुधाने अनेकांना त्रास झाला असेल तर उरलेलं दूध ओतून देऊ नये. ते झाकून, त्यावर चिठ्ठी लावून फ्रीजमध्ये वेगळं ठेवावं आणि आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावं. त्यातले जंतू उकळून मेलेले असले तरी प्रयोगशाळेत विष सापडू शकतं.